नववा थांबा: बसप्पाचं हॉटेल

चूक माझीच होती, हे आधीच कबूल करून टाकतो. मग पुढं कुणी बोट दाखवायला नको.

माझं भूममध्ये सायकलचं दुकान आहे. विकतो कमी, दुरुस्त जास्त करतो. धाराशिवच्या सायकलवाल्यांच्या गटात मी शिरलो तोही असाच. त्यांच्या महागड्या सायकलींचे गिअर अडकले की त्यांना मुजफ्फरभाईची आठवण यायची. गटाचा सेक्रेटरी कुलदीप. बोलायला गोड, आणि काम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात पटाईत. त्याच्या डोक्यातून ही ‘आडवाट’ निघाली. भूमपासून सास्तूरपर्यंत, डांबर शक्य तितकं टाळून, गाडीवाटांनी आणि बांधाबांधानं जाणारा तीन दिवसांचा मार्ग. जिथं सायकल चालेल तिथं सायकल, नाही तिथं ती हातात धरून पायी. वाटेत नऊ गावं, नऊ थांबे. कुठं बसायचं, काय खायचं, काय बघायचं, हे सांगणारी एक घडीची पत्रिका छापायची. ती लिहायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं असेल, हे सांगायला नको.

आठ थांबे मी स्वतः पायाखाली घातले. भूमला खव्याची भट्टी लिहिली, तिथं कढईला लागलेली खरवड मागितली तरच देतात, विकत मिळत नाही. तामलवाडीला ज्ञानोबांच्या शेतातला हुरडा लिहिला. ज्ञानोबा ‘अजून घ्या’ असं कधी म्हणत नाहीत, नुसती पुढची कणसं आगटीत सरकवतात आणि माणूस बसून राहतो. मी तिथं तीन तास बसलो आणि त्या दिवशीचं पुढचं गाव बुडवलं. अशी माझी कामाची पद्धत. त्यामुळं नवव्या थांब्यापर्यंत येईस्तोवर माझा गुडघा कुरकुरायला लागला होता आणि दुकानावर बसून गिऱ्हाइकांना ‘उद्या या’ सांगणारी फरहाना, माझी बायको, तीही.

नववा थांबा चिंचहाळ, सास्तूरच्या अलीकडं. तिथं मी गेलोच नाही. कुलदीपनं कधीतरी गाडीतून जाताना फाट्यावरच्या एका पाटीचा फोटो काढला होता. पाटीचा खालचा कोपरा तेवढा फोटोत आला होता, त्यात एक मोबाइल नंबर. ‘हा लाव, गावातलाच असेल कुणीतरी,’ म्हणाला. मी लावला.

फोन एका बाईंनी उचलला. आवाज म्हातारा पण खणखणीत. ‘मी लक्ष्मम्मा. फोन पोराचा हाय, चार्जिंगला लावून गेलाय. तुमी कोन?’

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, सायकलवाले पाहुणे येणार आहेत म्हणालो. ‘अम्मा, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे? आणि खायला कुठं थांबावं?’

मला वाटलं होतं, दोन मिनिटांत आटपेल. लक्ष्मम्मा अर्धा तास बोलल्या. ‘वड्याकडनं आलात की आदी बारव लागती. पायऱ्या उतरून पाय धुवा, पानी लई ग्वाड हाय. मग वेस. वेशीतनं आत शिरलं की उजव्या हाताला बसप्पाचं हॉटेल. म्होरं दगडी वटा हाय, त्येच्यावर बसा, सावली आसती. भजी घ्या. कांदा उभा चिरलेला आसतोय तितं, आडवा न्हाय. लक्ष्मम्मानं धाडलंय म्हनून सांगा, म्हंजी च्यात दूध वाढवून दिल.’

मी लिहून घेतलं आणि खूश झालो. मग मोबाइलवर नकाशा काढून वरून गाव शोधलं. ओढा दिसला. ओढ्यालगत एक काळा चौकोन दिसला, म्हणजे बारव. तिथं खूण टोचली. नकाशात थोडं बाजूला घरांच्या सरळ सरळ ओळीही दिसत होत्या, पण त्यांच्याकडं कोण बघतो? माझी बारव जुळली होती. पत्रिकेत छापून आलं: ‘थांबा ९, चिंचहाळ. गोड पाण्याची बारव, जुनी वेस. वेशीतून आत उजव्या हाताला बसप्पाचं हॉटेल. दगडी ओट्यावर बसून कांदाभजी खावी.’ आख्ख्या पत्रिकेत मला सगळ्यात आवडलेला मजकूर हाच.

जानेवारीत पहिली सफर निघाली. आम्ही चौदा जण. कुलदीप अर्थातच सायकलवर नव्हता, तो शेवटच्या मुक्कामाला सास्तूरला गाडीनं जाऊन बसला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही ओढ्यातून सायकली उचलून पलीकडं आलो. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं, कारण मीच सगळ्यांना सांगितलं होतं, भज्यांसाठी जागा ठेवा.

बारव लागली. अगदी नकाशात होती तिथंच. पण पायऱ्यांवर घाणेरी माजली होती आणि पाण्यावर हिरवी साय होती. पाय धुवायची कुणाची हिंमत झाली नाही.

‘आता वेस,’ निकिता म्हणाली. ही धाराशिवच्या नर्सिंग कॉलेजात शिकवते, आणि हातात कागद असला की त्याच्याबाहेर पाऊल टाकत नाही. पुढं दोन दगडांचे ढीग होते, मधून गाडीवाट. त्यांना वेस म्हणायचं का, यावर आमच्यात दोन मतं पडली. तरी आम्ही त्यांच्यामधून आत गेलो.

‘वेशीतून आत उजव्या हाताला,’ निकितानं वाचलं. आम्ही चौदा जण उजव्या हाताला बघत उभे राहिलो. उजव्या हाताला तूर होती.

डाव्या हातालाही तूरच होती. समोर चिंचेची तीन झाडं, बाभळी, आणि मध्येमध्ये जमिनीतून वर आलेले दगड. घर नाही, माणूस नाही, कुत्रं नाही. आम्ही परत ओढ्यापर्यंत गेलो आणि परत आत आलो, म्हणजे जणू दुसऱ्यांदा आल्यावर हॉटेल उगवेल. कुलदीपला फोन लावला. तो म्हणाला, ‘माझ्या स्क्रीनवर तुम्ही बरोबर हॉटेलातच दिसताय.’ मी फोन ठेवला. शिवी आली होती तोंडात, पण बायामाणसं होती सोबत.

गाव सापडत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. वाट चुकलो असतो तर समजलं असतं. पण आम्ही चुकलो नव्हतो. लक्ष्मम्मांनी सांगितलेली एकेक गोष्ट सांगितल्या क्रमानं लागत होती, आणि तरी गाव नव्हतं.

तेवढ्यात चिंचेखालून एक म्हातारबाबा शेळ्या घेऊन आले. डोक्याला पटका, हातात काठी. नाव विचारलं तर कल्याणप्पा म्हणाले.

‘मामा, बसप्पाचं हॉटेल कुठं आलं?’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चौदा सायकलींकडं. ‘कुनी सांगितलं तुमाला?’

‘लक्ष्मम्मांनी.’

‘मग बराबर आलाव की. हितंच हाय.’ त्यांनी काठी तुरीत रोखली. तिथं चार-पाच घडीव दगड एका ओळीत होते. ‘त्यो वटा.’

‘आणि बसप्पा?’

‘त्योबी हितंच गेला. भूकंपाच्या राती हॉटेलातच निजला व्हता.’

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. या भागातली गावं भूकंपात पडली, मग उठवून दुसरीकडं वसवली, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. त्या पहाटे भूमला आमच्या घरात मांडणीवरची भांडी खाली आली होती आणि अम्मीनं मला उचलून अंगणात नेलं होतं. मला सगळं ठाऊक होतं. पण फोनवर एक बाई भज्यांतला कांदा कसा चिरतात ते सांगत असताना, ते हॉटेल बत्तीस वर्षांपूर्वी पडलंय, हे कुणाच्या मनात येईल? पाहुण्यांना तुरीच्या रानात कोण जेवायला पाठवतं? म्हाताऱ्या बाईनं माझी फिरकी घेतली, की तिचंच डोकं फिरलंय, मला काही ठरवता येईना.

‘लक्ष्मम्माचं डोकं बरं आहे ना, मामा?’

‘आमच्यापरीस बरं हाय,’ कल्याणप्पा म्हणाले. ‘रेशनची तारीख तीच सांगती समद्या गावाला. नवं गाव तिकडं, दोन किलोमीटर. फाट्यावर जावा, मिळंल खायला.’

फाट्यावर पत्र्याचं एक हॉटेल होतं. स्वच्छ, बाकडी धुतलेली, भट्टी पेटलेली. पाटीवर ‘हॉटेल महांतेश’, आणि खालच्या कोपऱ्यात नंबर. तो नंबर मी ओळखला. मी फोन केला होता तो याच हॉटेलला. म्हणजे या हॉटेलचा फोन उचलून लक्ष्मम्मांनी मला दुसऱ्याच, नसलेल्या हॉटेलात पाठवलं होतं. माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

मालक महांतेश, चाळिशीचा, अंगानं आडवा, कपाळावर विभूतीची बोटं. आम्हाला बघून खूश झाला, पाणी दिलं, घाणा टाकला. भजी आली. कांदा उभा चिरलेला होता. इतकी कुरकुरीत भजी मी आजवर खाल्ली नाहीत, हे मी त्याला मोकळेपणानं सांगितलंही. मग निकितानं टेबलावर ठेवलेली पत्रिका त्यानं सहज उचलली, नववा थांबा वाचला, आणि झारा हातात तसाच धरून उभा राहिला.

‘बसप्पा माजा बाप,’ तो म्हणाला. ‘हे कुनी सांगितलं?’

मी खरं ते सांगितलं.

त्यानं झारा ठेवला आणि माझ्यासमोर बाकड्यावर बसला. ‘बावीस वर्सं झाली, भाई, मी ह्या भट्टीम्होरं हुबा हाय. सास्तूरचं लोक खास गाडी काढून येत्यात. गावात कुनालाबी इचारा, खायचं कुटं, तर माजं नाव सांगत्यात. आन माज्या आईला इचारलं तर ती बापाचं सांगती. एकदा न्हाय, दर टायमाला. तालुक्याचं सायेब आलतं, त्यास्नीबी तेच. माजं हॉटेल हाय म्हनून तिनं आजपातुर कुनाला सांगितलं न्हाय. हितं पाऊल टाकलं न्हाय तिनं. मला वाटायचं, बोलाचालायची सवय आसंल. पर आता तर छापूनच आलं.’

मी म्हटलं, ‘दुरुस्त करतो. आजच कुलदीपला सांगून तुमचं नाव घालतो.’

‘तुमी घालून काय उपेग? तिनं सांगाय पायजे. तुमी जाऊन इचारा, मी मागं हुबारतो. तिच्या तोंडनं माजं हॉटेल आलं तर छापा. न्हायतर चिंचहाळचा थांबाच काडून टाका. मला नगं पोरगं म्हनून लाजंकाजंनं घातलेलं नाव.’

मी तेरा लोकांना भज्यांपुढं बसवलं आणि त्याच्या मागून निघालो. वाटेत त्यानं सांगितलं. भूकंपाच्या वेळी तो आठ वर्षांचा होता. तो आणि आई तिच्या माहेरी गेले होते, म्हणून राहिले. परत आले तेव्हा गावाला पोलिसांचा वेढा होता, आत कुणाला सोडत नव्हते. त्यांना थेट पत्र्याच्या शेडात नेलं, आणि काही वर्षांनी शेडातून या ओळीतल्या घरात. ‘अव्वानं पडलेलं गाव बघितलंच न्हाय,’ महांतेश म्हणाला. ‘नंतरबी कदी तिकडं गेली न्हाय. मी लई म्हनलं, चल एकदा. म्हंती, जाऊ की.’

घर हॉटेलच्या मागंच होतं. लक्ष्मम्मा उंबऱ्यात बसून कांदे चिरत होत्या, पाटीभर. उभे. हॉटेलचा सगळा कांदा रोज त्याच चिरत असाव्यात. ज्या हॉटेलाचं नावही काढत नाहीत त्याच्यासाठी ही बाई रोज पाटीभर कांद्यानं डोळे जाळून घेते, हे बघून मी पुरता चक्रावलो.

मी ओळख सांगितली. त्यांनी आवाजावरून ओळखलं. ‘आलाव व्हय? बसा. भजी खाल्ली का?’

‘खाल्ली, अम्मा.’ कुठं खाल्ली ते मी सांगितलं नाही. महांतेश माझ्या मागं भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. ‘अम्मा, तेवढं परत एकदा सांगा. पाहुणे आले तर त्यांनी खायला कुठं थांबायचं?’

‘सांगितलं की त्या दिशी. बसप्पाच्या हॉटेलात.’

मागं महांतेशनं श्वास सोडला, तो मला ऐकू आला. मी दुसऱ्या बाजूनं विचारलं. ‘ते जुन्या गावातलं झालं. इथं, या गावात?’

‘ह्ये कुटलं गाव?’ त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच विचारावं तसं. ‘ह्या घराच्या वळी हायत्या.’

माझ्याजवळचे प्रश्न संपले. खरं सांगायचं तर मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आईलेकाच्या मधे आपण कोण? मी पाठीमागं बघायचं टाळत होतो. उठायच्या आधी काहीतरी बोलायचं म्हणून, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तसं, मी विचारलं, ‘बसप्पाच्या हॉटेलात भजी काढतं कोण?’

‘महांतेश,’ त्या म्हणाल्या. ‘आनि कोन?’

हातातला कांदा थांबलाही नाही. ‘बापाचा हात बरा व्हता, पर पीठ घट्ट करायचा. ह्येचं पीठ बघा तुमी, पान्यावानी सुटतंय. बापानं जेवडी गिऱ्हाइकं केली त्याच्या दुप्पट ह्यानं केली. बसप्पाचं हॉटेल आता त्योच चालवतोय की.’

‘मग अव्वा,’ महांतेश मागून म्हणाला. ‘मग ह्ये फाट्यावर हाय ते कुनाचं हाय?’

‘त्ये व्हय?’ लक्ष्मम्मांनी मान वर केली. लेक मागं उभा आहे, हे त्यांना पहिल्यापासून माहीत असावं. ‘त्ये तात्पुरतं हाय. शेडात नेलं तवा सायबानंच सांगितलं न्हाय का, ह्ये समदं तात्पुरतं हाय, घरं झाली की आपापल्या जाग्याला जायाचं. त्या पत्र्याच्या टपरीला मी माज्या पोराचं हॉटेल म्हनून चारचौघांत सांगू व्हय? तुजं हॉटेल दगडाचं हाय, वेशीत हाय.’

‘बावीस वर्सं झाली, अव्वा.’

‘व्हय की,’ त्या म्हणाल्या आणि पुन्हा कांद्याला लागल्या. ‘सरकारी काम हाय ते.’

महांतेश हसला. हसता हसता खाली उंबऱ्याशी बसला आणि आईच्या पाटीतला कांदा उगीच इकडचा तिकडं करायला लागला. तो हसतोय की रडतोय, मला कळेना. त्यालाही कळत नसावं. बावीस वर्षं तो ज्या गोष्टीला अपमान समजत होता तो अपमान नव्हता, पण जे कौतुक होतं ते आतापर्यंत एका नसलेल्या हॉटेलात ठेवलेलं होतं, आणि ते तिथून उचलून इथं आणायचं कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं. मला एकदम माझ्या अम्मीची आठवण आली, आणि डोळे पुसायला कांद्याचं निमित्त बरं मिळालं.

‘छापायचं काय मग?’ मी विचारलं. ‘थांबा ठेवू का काढू?’

महांतेशनं आईकडं बघितलं. त्या मान खाली घालून कांदा चिरत होत्या, उभा. ‘लिवा,’ तो म्हणाला, आणि एकेक शब्द तोलून सांगायला लागला. मी पत्रिकेच्या मागं लिहून घेतलं. लक्ष्मम्मांना वाचून दाखवलं. त्यांनी ‘आता बराबर हाय’ म्हटलं आणि चहात दूध जास्त घाल, असं लेकाला सांगितलं.

संध्याकाळी सास्तूरला कुलदीपनं ते वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. ‘थांबा ९, चिंचहाळ. बसप्पाचं हॉटेल. चालवणारा महांतेश. सध्या फाट्यावर.’

‘सध्या म्हणजे कधीपर्यंत?’ तो म्हणाला. ‘असं मोघम चालत नाही पत्रिकेत. लोकांचा गोंधळ होईल.’

‘होऊ दे,’ मी म्हटलं.

त्यानं ‘सध्या’ दोनदा खोडलं. मी दोनदा परत लिहिलं, आणि तिसऱ्यांदा खोडायच्या आत कागद उचलून छापखान्यात जाऊन बसलो.